सहा चौकोन आणि चार टायर

तीर्थस्वरूप दादा,

ज्याने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं स्वतःच्या हातांनी केली (सोळा दारं, एकही कुरकुरत नाही), जिन्याचा कठडा केला, छतावरून दोरीने खाली येणारी कपडे वाळत घालायची काठी केली, दोन खुर्च्या केल्या, एक पाळणा केला, मुलगी मोठी झाल्यावर त्याच पाळण्याचं पुस्तकांचं शेल्फ केलं, पत्रपेटी केली, दाराची घंटा केली, आणि तुमच्या दातांच्या दवाखान्यातलं ते डुगडुगणारं स्टूल पायाखाली पुठ्ठ्याची घडी न घालता कायमचं सरळ केलं, त्या तुमच्या धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात सध्या वाकता येत नाही. गेले तीन महिने मी इतका वेळ गुडघ्यांवर काढला आहे, की आता उभा राहिलो तरी गुडघे विचारतात, इकडे कुठे?

तुमची प्रकृती बरी असेल. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल, सकाळी घेऊन विसरत नसाल. वहिनींचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी व्यायामाला दोरी सांगितली होती, ती कुठे अडकवायची म्हणून अडलं असेल तर मला कळवा. कप्पी आणि आकडा माझ्याकडे तयार आहे. आणि गेले अकरा दिवस तुमच्याकडे राहायला आलेली पाहुणी कशी आहे? नीट जेवते ना? तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. ‘सहज आले, रजा साचली होती’ असं सांगितलं असेल, तर ते अर्धं खरं आहे. रजा साचली होती. ‘त्या माणसाला माझ्यापेक्षा गॅरेजची फरशी प्यारी आहे’ असं सांगितलं असेल, तर तेही अर्धंच खरं आहे. ती रविवारी रजा संपल्यावर इकडे येणार, की तिथूनच ऑफिसला जाणं सुरू करणार (अंतर त्रेसष्ट किलोमीटर, मी मोजलं आहे), हे तिने मला सांगितलेलं नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ, त्यामुळे निवाडा तुमच्याकडे येणार हे उघड आहे. तो करण्याआधी तुमच्यापुढे सगळे तपशील असावेत, एवढ्यासाठी हे पत्र. तुमचे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत, राग नसावा. फोनवर मला धड बोलता येत नाही, मी मापं सांगायला लागतो. तिचाही एक फोन आला होता, शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. पण क्रमाने सांगतो.

आमच्या गॅरेजची जमीन साध्या काँक्रीटची. तिला मी रंग दिला. दिला म्हणजे फासला नव्हे. हा रंग वर बसत नाही, आम्लातून आत जातो, सिमेंटातल्या चुन्याशी त्याचं जे काही जुळतं किंवा बिनसतं त्याप्रमाणे कुठे गडद, कुठे फिकट उतरतो, आणि मग तो काँक्रीटचाच होतो. दोन माणसांनी एकाच बाटलीतून दोन घरी दिला तरी दोन वेगळ्या जमिनी होतात. आमची झाली ती जुन्या, तेल पिऊन मुरलेल्या चामड्याच्या रंगाची, मधूनमधून मधाच्या छटा. मी तीन वेळा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुतली, कारण आम्ल मागे राहिलं तर वरचा लेप धरत नाही (घरातला सोडा संपला, त्यावरून थोडं बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही). मग जमिनीतून ओल वर येते का हे पाहायला एक पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून चोवीस तास ठेवलं. ते प्लास्टिक जेवणाच्या टेबलावरचं होतं. तुम्ही तरी दाढ भरण्याआधी ती कोरडी करताच की नाही? तुम्हाला कोणी विचारतं का, कापूस कुठून आणला म्हणून?

तर रंग झाला. पण रंग उघडा ठेवता येत नाही. गाडीतून तेल ठिबकतं, चाकं घासतात, दोन वर्षांत सगळं जाईल. वर टिकाऊ लेप हवा, आणि इथेच, दादा, माणसाची परीक्षा असते. रंगाच्या दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, कशाला डोकं लावता? माझी माणसं पाठवतो, दोन दिवसांत सगळं राखाडी करून देतो, वर रंगीत चकत्या टाकतो, खालचं काही दिसणार नाही.” खालचं काही दिसणार नाही! मी सहा आठवडे ज्याच्यासाठी खपलो ते दिसणार नाही, ही त्याच्या दृष्टीने जमेची बाजू. मी त्याच्याकडून फक्त एक ब्रश घेतला आणि निघालो.

पहिली चूक मात्र माझी झाली आणि ती मी दडवणार नाही. उत्साहाच्या भरात मी सबंध जमिनीवर ऍक्रिलिकचा चकचकीत लेप दिला. डब्यावर गाडीचं चित्र होतं (आता लक्षात येतं, चित्रातली गाडी उभी होती, ती कुठून आली, किती तापून आली, हे डबा सांगत नव्हता). चार दिवस सुकू दिला. पाचव्या दिवशी तुमची बहीण ऑफिसातून आली, गाडी आत लावली, आम्ही दोघं कडेला उभे राहून पाहत बसलो. ती म्हणाली, “छान झालंय रे. हॉटेलात आल्यासारखं वाटतंय.” हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी मागे घेतली आणि मोठी चिकटपट्टी ओढावी तसा आवाज आला. चारी टायरांनी आपापल्या खालचा लेप उचलून बरोबर नेला होता. झालं असं, की धावून आलेला टायर गरम असतो, त्या उष्णतेने ऍक्रिलिक मऊ पडतं, टायर गार होताना ते घट्ट धरून ठेवतो. तिची त्या दिवशी ऑफिसात मोठी बैठक होती. बाई संपूर्ण रस्ताभर चट चट चट करत गेल्या. संध्याकाळी येऊन सांगत होती, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून वाकून तिच्या चाकांकडे पाहत होता. आम्ही खूप हसलो. (दादा, हे मुद्दाम लिहितो आहे. तेव्हा ती हसली होती.)

तो लेप खरवडून काढायला सहा दिवस गेले. मग मी ठरवलं, आता अंदाजपंचे काही नाही. जमिनीवर मी सहा चौकोन आखले, प्रत्येकी दीड फूट बाय दीड फूट, आणि प्रत्येकात वेगळा लेप दिला. एक नंबरच्या चौकोनात मेण, दोन नंबरमध्ये पुन्हा ऍक्रिलिक पण महागातलं, तीनमध्ये आत जिरणारं सीलर, चारमध्ये नुसतं इपॉक्सी, पाचमध्ये खाली इपॉक्सी वर पॉलियुरेथेन, आणि सहामध्ये माझी स्वतःची कृती, जवसाचं तेल आणि इतर काही, जे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पहिले चार चौकोन गाडीच्या चाकांच्या मापाने आखले. म्हणजे तिने गाडी बरोबर लावली की प्रत्येक चाक आपापल्या चौकोनात. चौकोन सहा, चाकं चार. यावर मी एक रात्र विचार केला. पाचव्या, अतिरिक्त चाकाची कल्पना सोडून दिली, कारण ते धावत नाही, तापणार कुठून? शेवटी कोपऱ्यावरचा सलूनवाला मदतीला आला. माझे केस तो बावीस वर्षं कापतो आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात काय चाललंय याची त्याला इतरांपेक्षा जास्त कल्पना आहे. त्याच्या स्कूटरला दोन चाकं. दुकान मिटलं की तो एक फेरी मारून यायचा, स्कूटर पाच आणि सहावर लावायचा, चहा प्यायचा आणि चालत घरी जायचा. मेणाच्या चौकोनावरून तो पहिल्याच दिवशी घसरला, त्यामुळे एक नंबर बाद झाला. घसरताना त्याने ज्या गोष्टीचा आधार घेतला ती माझी शिडी होती, आणि शिडीवर जे होतं त्याबद्दल तो अजूनही सर्वांना सांगतो, म्हणून मी सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. टायर पुरेसा तापलेला नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही. तिचं ऑफिस पाच किलोमीटरवर. पाच किलोमीटरमध्ये टायर काय तापणार? कोमट होतो. म्हणून मी तिला विनंती केली (विनंतीच केली होती, तिने दुसरा शब्द वापरला असेल), की येताना बाहेरच्या मोठ्या रस्त्याने अकरा किलोमीटरचा वळसा घालून, मध्ये कुठे न थांबता, थेट चौकोनांवर यावं. ती आल्याबरोबर मी केकच्या ओव्हनचा थर्मामीटर टायरला लावून आकडा वहीत लिहायचो. पन्नासच्या पुढे गेला तर दिवस धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा. दादा, तुमच्या बहिणीने हे एकोणीस संध्याकाळी केलं. एकोणीस. पहिल्या आठवड्यात गाडीतून उतरताना विचारायची, “आज पास का?” दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, “मी घरी येतेय की प्रयोगशाळेत?” तिसऱ्या आठवड्यात काही विचारायची नाही, इंजिन बंद करायची आणि मी मोजेपर्यंत आत बसून राहायची. मला वाटलं, तिलाही आता रस वाटायला लागला आहे.

निकाल तोवर जवळजवळ लागला होता. महागातलं ऍक्रिलिक स्वस्तापेक्षा दोन दिवस उशिरा उखडलं, बाकी घराणं तेच. जिरणारं सीलर टायरला चिकटलं नाही, पण मी मुद्दाम टाकलेले तेलाचे थेंब त्याने आत्मीयतेने पोटात घेतले. इपॉक्सी दगडासारखं बसलं, मात्र दाराजवळ ऊन येतं तिथे पिवळट पडायला लागलं. सहा नंबर अजून ओला होता. (त्यावर एक माशी, एक मुंगी आणि सलूनवाल्याच्या चपलेची अर्धी टाच कायमची राहिली.) उरला पाच. इपॉक्सी खाली धरून ठेवतं, वरचं पॉलियुरेथेन ऊन, तेल आणि गरम टायर तिन्ही सोसतं. पण पाचवर आजवर फक्त स्कूटर उभी राहिली होती. स्कूटरवरून गाडीचा निष्कर्ष काढणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून विसाव्या दिवशी, शुक्रवारी, गाडी तीन फूट डावीकडे लावून पुढचं चाक पाचवर घ्यायचं असं ठरलं. अंतिम फेरी. मी दार उघडून, थर्मामीटर हातात घेऊन साडेपाचपासून उभा होतो.

ती सव्वासहाला आली. गाडी अगदी बरोबर लावली, पाचच्या मधोमध. खाली उतरली, हातात एक पिशवी होती, आणि म्हणाली, “अरे ऐक ना, मला विभागप्रमुख केलं.”

मी टायरजवळ बसलेलो होतो. मी म्हणालो, “बेचाळीस.”

“कसले बेचाळीस?”

“अंश. वाटेत कुठे थांबली होतीस का?”

दादा, मी खोटं कशाला बोलू, या वाक्यात काही गैर आहे हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. आकडा खरोखर बेचाळीसच होता. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “हो. थांबले होते.” पिशवी खांबापाशी ठेवली, गाडीत बसली, गाडी मागे घेतली आणि गेली. जाताना पाचव्या चौकोनाचा एक कणही उचलला गेला नाही. मी वाकून पाहिलं, आनंद झाला, आणि मान वर करून सांगायला गेलो तेव्हा रस्ता रिकामा होता. तासाभराने वहिनींचा निरोप आला की ती तुमच्याकडे पोचली. पिशवी मी उघडली. तिच्यात गुडघ्यांना बांधायच्या जाड गाद्या होत्या, माझ्या मापाच्या. बढती तिची, आणि भेट मला. त्या घ्यायला ती थांबली होती. मी अजून वापरलेल्या नाहीत.

त्यानंतर मला निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. सहाही चौकोन घासून काढले, जिथे रंग उडाला तिथे पुन्हा दिला, सोड्याने धुतलं (सोडा विकत आणला), बुधवारी इपॉक्सी, शनिवारी दुपारी दोन वाजता पॉलियुरेथेनचा शेवटचा हात, त्यात पाय घसरू नये म्हणून मूठभर बारीक कण. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून दारापर्यंत मागे मागे येत एका दमात केलं. आज मंगळवार. जमीन अशी झाली आहे की दुकानदार स्वतः बघायला आला, दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच राखाडी हा शब्द त्याच्या तोंडातून आला नाही. एक बुडबुडा नाही, ब्रशचा एक केस नाही, रंग जसाच्या तसा, उलट जास्त खोल. निवड योग्य होती हे आता सिद्ध झालेलं आहे, आणि ती तिच्या एकोणीस संध्याकाळींशिवाय सिद्ध झाली नसती, हे मी तुमच्यासमोर लेखी देतो. तेव्हा निवाडा करताना दोन्ही बाजूंचा विचार व्हावा. माझी बाजू मला भक्कम वाटते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच असं धरून चालतो. कुठे पातळ झाला असेल तर आणखी एक हात द्यायला मी तयार आहे.

तुमचा
मेहुणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. दाखवलंच, तर बेचाळीसचा भाग तेवढा घडीखाली ठेवा. आणि माझी बाजू भक्कम आहे असं वर लिहिलं आहे, ते वाक्य तुमच्यापुरतं.

ता. क. दुसरा. जमिनीत एकही दोष नाही असं मी लिहिलं, त्यात थोडी दुरुस्ती. शनिवारी दोन वाजता शेवटचा हात देऊन मी बाहेर आलो आणि लक्षात आलं, की फोन आतल्या भिंतीच्या फळीवर राहिला आहे. जमिनीवर चोवीस तास पाऊल ठेवायचं नव्हतं. म्हटलं, राहू दे. तुमचे तीनही फोन मी दारात खुर्ची टाकून ऐकले, क्षमा असावी. चार वाजून वीस मिनिटांनी चौथ्यांदा वाजला. या एका माणसासाठी मी वेगळी घंटा लावलेली आहे, त्यामुळे कोण ते दारातूनच कळलं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. फळीपर्यंत सहा पावलं आहेत. चपला काढल्या होत्या, एवढंच भान राहिलं. मी पोचलो तेव्हा घंटा थांबली होती. परत केला, तिने उचलला नाही. येताना त्याच ठशांत पाय ठेवत आलो, म्हणून बारा नाहीत, सहाच आहेत. उजवं पाऊल किंचित बाहेर पडतं. आता ते सगळं दगडासारखं पक्कं झालं आहे. गरम टायर, तेल, ऊन, कशानेही जाणार नाही, याची हमी मी देऊ शकतो. घासून पुन्हा हात देता येईल. मी देणार नाही.

ता. क. तिसरा. येत्या शनिवारी दुपारी सात दिवस पूर्ण होतात, गाडी आत घेता येईल. मी सांगितलं असं म्हणू नका, पण तिला म्हणावं, ये. वाटेत हवं तिथे थांब, हवं ते घे, टायर गार झाले तरी चालतील. थर्मामीटर मी ओव्हनमध्ये परत ठेवला आहे. आधी विभागप्रमुखांचं अभिनंदन होईल, मग गाडी आत जाईल. अभिनंदन कसं करायचं याचा मी आरशासमोर सराव केला आहे, बरा होतो आहे.

ता. क. शेवटचा. सलूनवाल्याने काल जमीन पाहिली. त्याला त्याच्या सबंध दुकानाला अशीच करून हवी आहे, रंगापासून लेपापर्यंत, फक्त पावलं नकोत म्हणाला. दुकान त्याला वर्षातून एकदाच बंद ठेवता येतं, गावच्या जत्रेला, या शनिवारी आणि रविवारी. सामान त्याचं, मजुरी माझी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांना कोणीतरी आकडा लावला. मी म्हटलं, शनिवारी मला घरी असलं पाहिजे, फाटक उघडायला कोणी नाही. तो म्हणाला, फाटक काय, वहिनी (म्हणजे तुमची बहीण) स्वतः उघडतील की. मी कामाला नाही म्हणून सांगितलं. पंचाऐंशी हजार.